चिनी मूलकांचे संकेतांक: सारखी दिसणारी अक्षरे कशी ओळखावीत आणि मजकूर कसा दुरुस्त करावा

जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक शब्दसूची तयार करताना माझी या प्रश्नाशी पहिल्यांदा गाठ पडली. निरनिराळ्या पीडीएफ फाइलींमधून उतरवून घेतलेले शब्द मी एक्सेलच्या एका तक्त्यात आणले होते. ‘निहोन’ म्हणजे जपान हा शब्द शोधायला घेतला, तर ज्या ओळींत तो डोळ्यांना स्पष्ट दिसत होता, त्यांतल्या काही ओळी संगणकाने दाखवल्याच नाहीत. अक्षरे तीच, रेघा तितक्याच, क्रमही तोच होता. मोकळ्या जागा, अदृश्य चिन्हे, फॉन्ट असे सगळे तपासून झाल्यावर शेवटी त्या शब्दातील पहिल्या अक्षराचा संकेतांक काढून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. काही ओळींत तो २६०८५ होता आणि काहींत १२१०३. पहिला संकेतांक ‘सूर्य’ किंवा ‘दिवस’ या अर्थाच्या अक्षराचा आहे, तर दुसरा त्याच आकाराच्या मूलकाचा, म्हणजे शब्दकोशात अक्षर शोधण्यासाठी वापरायच्या भागाचा आहे.

चिनी किंवा जपानी मजकूर हाताळणारे विद्यार्थी, अनुवादक, शब्दसंग्रह करणारे आणि अक्षरजुळणी करणारे यांना ही अडचण आज ना उद्या येतेच. म्हणून ती ओळखण्याची आणि दूर करण्याची रीत येथे सविस्तर देत आहे. या लेखात चिनी अक्षरे छापलेली नाहीत. प्रत्येक अक्षर त्याच्या युनिकोड संकेतांकाने, म्हणजे जगातील लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकातील क्रमांकाने दिले आहे, कारण ज्या दोन अक्षरांतला फरक समजून घ्यायचा आहे ती छापल्यावर हुबेहूब सारखी दिसतात आणि त्या ठिकाणी संकेतांकाखेरीज दुसरा पुरावा हाती राहत नाही. संकेतांक दशमान पद्धतीने दिले आहेत, कारण एक्सेल आणि लिबरऑफिस कॅल्क यांना तेच समजतात. संगणकात टंकताना मात्र हे अंक इंग्रजी घालावेत. देवनागरी अंक घातल्यास सूत्र चालणार नाही.

मूलक म्हणजे काय आणि त्याला वेगळा संकेतांक का

चिनी लिपीत आपल्यासारखा अ-आ-इ-ई असा वर्णक्रम नाही. शब्दकोशात अक्षर सापडावे म्हणून प्रत्येक अक्षरातील एक भाग निवडून त्याच्या खाली ते अक्षर मांडण्याची पद्धत तिथे रूढ झाली. या भागाला चिनीत ‘बुशौ’ म्हणतात, म्हणजे विभागाचे शीर्ष. मराठीत त्याला मूलक म्हणता येईल. शू शेन याने इसवी सन १००च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘शुओवेन ज्येझी’ या कोशात असे ५४० विभाग होते. १६१५ मध्ये मेई यिंगत्स्वो याने ते २१४ वर आणले, आणि कांगशी सम्राटाच्या आज्ञेने तयार होऊन १७१६ मध्ये पुरा झालेल्या, ४७ हजारांहून अधिक अक्षरांच्या कोशाने हीच संख्या कायम केली. एका रेघेच्या मूलकापासून सतरा रेघांच्या मूलकापर्यंत त्यांचा क्रम ठरलेला आहे. चीनमध्ये २००९ साली जाहीर झालेल्या मानकात मुख्य मूलके २०१ आहेत. युनिकोडचा हिशेब मात्र कांगशी कोशाच्या २१४ मूलकांवरच चालतो.

मराठी माणसाची येथे एक चुकीची समजूत होण्याचा संभव असतो. आपण ‘कि’ लिहितो तेव्हा संगणकात ‘क’चा २३२५ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २३६७ असे दोन संकेतांक साठवले जातात आणि फॉन्ट त्यांची जुळणी करून दाखवतो. त्यामुळे चिनी अक्षरही मूलक आणि उरलेला भाग असे दोन संकेतांक जोडून होत असेल, असे सहज वाटते. तसे नाही. ‘समुद्र’ या अर्थाच्या अक्षरात डावीकडे पाण्याचे तीन थेंब दिसतात, पण त्या संपूर्ण अक्षराला २८०२३ हा एकच संकेतांक आहे आणि त्यात पाण्याच्या मूलकाचा मागमूस नाही. मूलकांना दिलेले वेगळे संकेतांक कोशाची अनुक्रमणिका छापण्यासाठी आणि मूलकाचा मूलक म्हणून उल्लेख करण्यासाठी आहेत. अक्षरे घडवण्याशी त्यांचा संबंध नाही.

हे संकेतांक १९९९ मध्ये आलेल्या युनिकोडच्या ३.० आवृत्तीत दोन गटांत दाखल झाले. पहिला गट कांगशी मूलकांचा आहे. त्यात २१४ चिन्हे असून ती १२०३२ ते १२२४५ या क्रमांकांवर ओळीने बसवली आहेत. त्यामुळे मूलकाच्या पारंपरिक क्रमांकात १२०३१ मिळवले की त्याचा संकेतांक मिळतो. पाणी हे ८५वे मूलक आहे, म्हणून १२११६. सूर्य ७२वे, म्हणून १२१०३. दुसरा गट पूरक मूलकांचा, ११९०४ ते १२०१९ या पट्ट्यातला आहे. अक्षराच्या डावीकडे, खाली किंवा वर बसताना मूलकाचा आकार बदलतो. असे बदललेले आणि सुलभीकृत आकार या गटात आहेत. यात ११५ चिन्हे आहेत आणि ११९३० हा क्रमांक रिकामा आहे.

एकट्या पाण्याचे उदाहरण घेतले, तर गुंतागुंत किती आहे ते कळते. ‘पाणी’ हे नेहमीचे अक्षर २७७०० वर आहे आणि कांगशी मूलक म्हणून तोच आकार १२११६ वर आहे. तीन थेंबांचा आकार सामान्य अक्षरांत २७७०१ वर आणि पूरक मूलकांत ११९३७ वर आहे. अक्षराच्या तळाशी येणारा तिसरा आकार सामान्य अक्षरांत २७७०६ वर, तर पूरक मूलकांत ११९३८ वर आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या तीन आकारांचे असे सहा संकेतांक झाले. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे फाइलीत संकेतांक साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, हे सगळे आपल्या देवनागरी अक्षरांसारखेच प्रत्येकी तीन बाइट घेतात, त्यामुळे फाइलीच्या आकारावरूनही काही कळत नाही.

आपल्या मजकुरात मूलके घुसली आहेत का, हे कसे पाहावे

एखाद्याच अक्षराविषयी शंका असेल, तर वर्डमध्ये ते अक्षर चिकटवून, कर्सर त्याच्या लगेच पुढे ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचा सोळा पायाच्या पद्धतीतला संकेतांक येतो आणि पुन्हा त्याच कळा दाबल्या की अक्षर परत येते. नेहमीच्या वापरातील चिनी अक्षरांचा संकेतांक ‘४ई’ ते ‘९एफ’ यांपैकी कशाने तरी सुरू होतो. तो ‘२एफ’ने किंवा ‘२ई’ने सुरू झाला, तर ते मूलक आहे असे समजावे.

एक्सेलमध्ये ‘यूनिकोड’ हे फंक्शन वापरावे. कॅल्कमध्येही ते आहे. ते फक्त पहिल्या अक्षराचा संकेतांक देते, म्हणून दुसरे किंवा तिसरे अक्षर तपासायचे असल्यास आधी ‘मिड’ या फंक्शनने ते वेगळे काढावे लागते. उत्तर ११९०४ ते १२२४५ यांच्या दरम्यान आले, तर ती ओळ रंगवून ठेवावी. दोन्ही गट एवढ्याच पट्ट्यात मावतात आणि मधल्या १२०२० ते १२०३१ या जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे एकच अट पुरते. मजकूर मोठा असेल, तर पायथन या संगणकभाषेत प्रत्येक अक्षरावर संकेतांक देणारे ‘ऑर्ड’ हे फंक्शन चालवून हीच अट लावणे सोपे जाते. सापडलेल्या अक्षराबरोबर ओळीचा क्रमांकही छापून घ्यावा, म्हणजे ते कोणत्या फाइलीतून आले याचा माग काढता येतो.

‘लिपी हान (म्हणजे चिनी) आहे का’ असे विचारणारी नेहमीची चाचणी येथे उपयोगाची नाही, कारण युनिकोडच्या लेखी मूलके आणि अक्षरे दोन्ही हान लिपीचीच आहेत. फरक आहे तो प्रकारात: सामान्य चिनी अक्षराची नोंद ‘अक्षर’ अशी आहे आणि मूलकाची ‘इतर चिन्ह’ अशी आहे. म्हणूनच शब्द तोडणारी किंवा केवळ अक्षरे गाळून घेणारी आज्ञावली मूलकापाशी अडखळते आणि दोन अक्षरी शब्दाचे दोन तुकडे करून ठेवते. आणखी एक खूण पडद्यावर दिसते. वापरलेल्या फॉन्टमध्ये मूलकांचा गट नसेल, तर संगणक तेवढे एक चिन्ह दुसऱ्या फॉन्टमधून आणतो आणि एकाच शब्दातले एक अक्षर शेजारच्यापेक्षा किंचित जाड किंवा बारीक दिसते. असे दिसले, की तिथे थांबून संकेतांक पाहावा.

ही मूलके येतात कुठून, हेही समजून घेतले पाहिजे, कारण ती कोणी मुद्दाम टंकलेली नसतात. फॉन्टमध्ये ‘सूर्य’ हे अक्षर आणि सूर्याचे मूलक यांच्यासाठी पुष्कळदा एकच आकृती असते, आणि दोन्ही संकेतांक तिच्याकडेच बोट दाखवतात. पीडीएफमध्ये मजकूर आकृत्यांच्या रूपाने जातो, आणि त्यातून अक्षरे परत मिळावीत म्हणून आकृतीकडून संकेतांकाकडे जाणारा उलटा तक्ता फाइलीत ठेवला जातो. एका आकृतीचे दोन संकेतांक असले, की तक्ता बनवणाऱ्या आज्ञावलीला त्यांतला एक निवडावा लागतो, आणि तिने मूलकाचा निवडला तर त्या फाइलीतून उतरवलेल्या प्रत्येक ‘सूर्या’च्या जागी मूलक येते. छापील प्रत अगदी निर्दोष असते. दोष प्रकट होतो तो मजकूर उतरवताना. सूर्य, मनुष्य, पाणी, झाड, डोंगर अशी जी अक्षरे स्वतःच मूलके आहेत, तीच नेमकी भाषा शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यात भेटतात, त्यामुळे आरंभीच्या शब्दसूचींना याचा फटका सर्वाधिक बसतो.

दुरुस्ती

कांगशी गटातील प्रत्येक मूलकाला युनिकोडने समतुल्य सामान्य अक्षर नेमून दिलेले आहे. हे नाते ‘सुसंगती’च्या प्रकारातले आहे, त्यामुळे सामान्यीकरणाच्या, म्हणजे एकाच अक्षराच्या निरनिराळ्या संकेतांकांना एकसारखे करण्याच्या युनिकोडच्या रीतीच्या, चार रूपांपैकी एनएफकेसी आणि एनएफकेडी ही दोनच रूपे ते पाळतात. एनएफसी लावून काहीही बदलणार नाही. अनेकजण येथेच फसतात आणि ‘सामान्यीकरण करूनही शोध लागत नाही’ अशी तक्रार करतात. पायथनमध्ये ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील ‘नॉर्मलाइझ’ आणि जावास्क्रिप्टमध्ये त्याच नावाची पद्धत एनएफकेसी हे रूप देऊन चालवली, की १२१०३ चा २६०८५ होतो आणि १२११६ चा २७७०० होतो.

असे असले तरी संपूर्ण फाइलीवर एनएफकेसी चालवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. हे रूप मूलकांबरोबर इतरही पुष्कळ गोष्टी बदलते. वर्तुळातील आकडे साधे आकडे होतात, वर्गाचा छोटा दोन साधा दोन होतो, आणि अर्ध्या रुंदीची काताकाना ही जपानी लिपी पूर्ण रुंदीची होते. जपानी कोशांत एका शब्दाचे निरनिराळे अर्थ वर्तुळातील आकड्यांनी दाखवण्याची पद्धत आहे. एनएफकेसीनंतर ते आकडे अर्थाच्या मजकुरात मिसळून जातात आणि पहिला अर्थ कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला, हे पुन्हा वेगळे काढणे जिकिरीचे होते. म्हणून अट लावून काम करावे: अक्षर १२०३२ ते १२२४५ या पट्ट्यातले असेल, तरच त्याला एनएफकेसी लावावे आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवावे. ज्यांना आज्ञावली लिहायची नाही, त्यांनी एक्सेलमध्ये ‘सबस्टिट्यूट’ आणि ‘यूनिकॅर’ ही दोन फंक्शन एकत्र वापरून १२१०३ च्या जागी २६०८५ घालावा आणि प्रत्येक मूलकासाठी हीच कृती करावी. शब्दसूची आरंभीच्या पातळीची असेल, तर वीस-पंचवीस मूलकांत काम भागते. मूळ स्तंभ पुसू नये. दुरुस्त मजकूर शेजारच्या स्तंभात घ्यावा.

पूरक गटाची गोष्ट निराळी आहे. त्यातील ११५ चिन्हांपैकी फक्त दोनच एनएफकेसीने बदलतात: ‘आई’चे ११९३५, जे २७५९७ होते, आणि सुलभीकृत ‘कासवा’चे १२०१९, जे ४०८६३ होते. तीन थेंबांचे ११९३७ जसेच्या तसे राहते. यांच्यासाठी युनिकोडच्या अक्षरमाहितीत २०१८ पासून, म्हणजे ११.० आवृत्तीपासून, समतुल्य अक्षरांची एक वेगळी फाइल दिली जाते. ‘इक्विव्हॅलंट युनिफाइड आयडिओग्राफ’ असे तिचे नाव आहे. ती साध्या मजकुराची आहे आणि एका ओळीत मूलकाचा आणि अक्षराचा संकेतांक देते. तिच्यावरून शोध-आणि-बदल तक्ता तयार करावा. तीन थेंबांच्या मूलकाची जोडी तिथे तीन थेंबांच्या २७७०१ शी लावली आहे, ‘पाणी’ या पूर्ण अक्षराशी नव्हे, आणि ते योग्यच आहे, कारण लिहिणाऱ्याने दाखवलेला आकार दुरुस्तीत हरवता कामा नये.

एका ठिकाणी मात्र ही दुरुस्तीसुद्धा माहिती पुसून टाकते, आणि ते उदाहरण जपानच्या दोन प्रसिद्ध शहरांच्या नावांत सापडते. क्योतो या नावाच्या दुसऱ्या अक्षरात उजवीकडे, आणि ओसाका या नावाच्या दुसऱ्या अक्षरात डावीकडे, कानाच्या पाळीसारखा दिसणारा एकच आकार आहे. उजवीकडे असला, तर तो ‘नगर’ या १६३व्या मूलकाचा संक्षेप असतो. डावीकडे असला, तर ‘टेकाड’ या १७०व्या मूलकाचा असतो. सामान्य अक्षरांत या दोहोंना मिळून ३८४२९ हा एकच संकेतांक आहे. पूरक मूलकांत मात्र नगराचा ११९८३ आणि टेकाडाचा ११९९० असे ते वेगळे ठेवले आहेत. मूलके शिकवणाऱ्या पाठात किंवा कोशाच्या अनुक्रमणिकेत हा भेद महत्त्वाचा असतो, म्हणून अशा पानांवर पूरक मूलके तशीच राहू द्यावीत. युनिकोडच्या मानकातही हेच सांगितले आहे: मूलक आणि अक्षर यांतला भेद दाखवणे आवश्यक असेल तिथे मूलकांचे संकेतांक वापरावेत, एरवी सर्वत्र सामान्य अक्षरेच वापरावीत.

सारखे दिसणारे पण संकेतांकाने वेगळे, हा अनुभव मराठीलाही नवा नाही. ‘ॲप’मधला ‘ॲ’ कोणी २४१८ या एकाच संकेतांकाने लिहितो, तर कोणी ‘अ’चा २३०९ आणि अर्धचंद्राचा २३७३ असे दोन जोडून लिहितो. दिसायला काहीही फरक नसतो, पण एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या शोधात सापडत नाही. येथे तर सामान्यीकरणाचे कोणतेच रूप मदतीला येत नाही, कारण युनिकोडने या दोहोंना समतुल्य मानलेले नाही. ज्याच्या तक्त्यात मराठी अर्थाचाही स्तंभ आहे, त्याने या ‘ॲ’चीही त्याच वेळी तपासणी करून घ्यावी.

अक्षरावरून मूलक शोधणे

दुरुस्तीनंतर पुष्कळांना शब्द मूलकांनुसार लावून हवे असतात. युनिकोडमधील चिनी अक्षरे मुळात मूलकांच्या क्रमानेच बसवलेली असल्यामुळे नुसत्या संकेतांकांच्या क्रमावर काम भागेल, असे वाटते. मूळ संचात पाण्याचे मूलक २७७०० पासून सुरू होते आणि अग्नीचे २८७७९ पासून. मधल्या १०७९ जागा पाण्याच्या अक्षरांनी भरलेल्या आहेत. परंतु नंतर आलेल्या प्रत्येक विस्तारात मूलकांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पहिला विस्तार १३३१२ पासून आणि दुसरा थेट १३१०७२ पासून आहे. त्यामुळे दुर्मीळ अक्षरे आली, की हा अंदाज कोसळतो.

खात्रीचा मार्ग युनिहान या युनिकोडच्या चिनी अक्षरांविषयीच्या माहितीसंचातून जातो. त्यात ‘केआरएसयुनिकोड’ या नावाचा गुणधर्म प्रत्येक अक्षरासाठी मूलकाचा क्रमांक आणि मूलक वगळून उरलेल्या रेघांची संख्या देतो. समुद्राच्या अक्षरापुढे ८५.७ असे लिहिलेले असते, म्हणजे ८५वे मूलक आणि त्याखेरीज सात रेघा. मूलकाच्या क्रमांकापुढे लोपचिन्ह (') दिसले, तर मूलक सुलभीकृत रूपात आहे असे समजावे. काही अक्षरांना एकाहून अधिक नोंदीही असतात.

हा तक्ता एक्सेलमध्ये घेताना तो स्तंभ ‘मजकूर’ म्हणूनच आयात करावा. तसे केले नाही, तर एक्सेल त्याला दशांश संख्या समजते आणि ८५.१० चे ८५.१ करून टाकते; दहा रेघांची सगळी अक्षरे एका रेघेच्या अक्षरांत जाऊन बसतात आणि मागाहून ती वेगळी करता येत नाहीत. मजकूर म्हणून घेतल्यावर टिंबापाशी दोन स्तंभ पाडावेत आणि आधी मूलक, मग रेघा अशा क्रमाने मांडणी करावी.

अक्षराची रचना लिहून दाखवायची असेल, तर त्यासाठी १२२७२ पासून सुरू होणारी वर्णनचिन्हे आहेत. १९९९ मध्ये ती बारा होती; २०२३ च्या १५.१ आवृत्तीत या गटात आणखी चार आली. १२२७२ म्हणजे ‘डावा भाग आणि उजवा भाग’, १२२७३ म्हणजे ‘वरचा आणि खालचा’. समुद्राचे अक्षर १२२७२, २७७०१, २७५९९ असे लिहिता येते: आधी रचनेचे चिन्ह, मग तीन थेंब, मग ‘प्रत्येक’ या अर्थाचे अक्षर. ही ओळ वर्णन आहे. तिच्यापासून पडद्यावर समुद्राचे अक्षर तयार होईल अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र पाठ तयार करताना आणि ‘तीन थेंब असलेली सगळी अक्षरे’ असा शोध घेताना तिचा मोठा उपयोग होतो. अशा ओळीत मूलकांचे संकेतांकही चालतात, पण सगळीकडे सामान्य अक्षरांचेच घालावेत, नाहीतर ज्या गोंधळातून मजकूर बाहेर काढला तोच वर्णनाच्या स्तंभात परत येतो.

सगळे झाल्यावर पहिली चाचणी दुरुस्त स्तंभावर पुन्हा चालवावी. ११९०४ ते १२२४५ या पट्ट्यात आता केवळ जाणूनबुजून ठेवलेली मूलके उरली पाहिजेत. ही सूची संकेतस्थळावर जाणार असेल, तर शोधाच्या चौकटीत वाचकाने चिकटवलेल्या शब्दावरही हीच दुरुस्ती करून मगच शोध घ्यावा, कारण वाचकही तो शब्द एखाद्या पीडीएफमधूनच उचलून आणत असतो.